गिटार, अँप्लिफायर आणि वादक

सर आमच्याकडे आले होते ते खरं तर घंगाळ बघायला.

बुऱ्हाणपूरच्या इतवारा भागात एका जुन्या कापडाच्या गोदामात संग्रहालय होणार होतं. सरकारी नाही, गावातल्या हौशी लोकांनी मिळून काढलेलं. इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक त्याचे प्रमुख. अख्खं बुऱ्हाणपूर त्यांना नुसतं 'सर' म्हणतं. ते घरोघर फिरून जुन्या वस्तू मागत होते. माझी सगळी नोकरी इथल्या मराठी शाळेत झाली, त्यामुळे ओळख होतीच. सासूबाईंनी महाराष्ट्रातून येताना आणलेलं तांब्याचं घंगाळ माळ्यावर पडलेलं होतं. ते मी खाली काढलं, चिंच लावून घासलं आणि बाहेरच्या खोलीत मधोमध मांडून ठेवलं.

सरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि चेहरा पाडला.

"घंगाळं फार झाली हो, मॅडम. ज्याच्या घरी जावं तो घंगाळच काढून ठेवतो. पुढच्या पिढीला वाटायचं की बुऱ्हाणपुरात लोक नुसती आंघोळच करत होते."

मला जरा लागलंच. मी चहा ठेवायला आत वळले, तेवढ्यात त्यांची नजर कपाटावर गेली. कपाटाच्या वर, जुन्या गाद्यांच्या आडून, एक लाल लाकडी टोक बाहेर डोकावत होतं.

"ते काय?"

"ती यांची गिटार," मी म्हटलं. "बिजलीवाली."

माझे यजमान आत पेपर वाचत बसले होते. ते उठून बाहेर आले आणि स्टुलावर चढून त्यांनी गिटार खाली काढली. धूळ झटकली. सरांनी चष्मा वर करून ती उलटसुलट पाहिली.

"चालू आहे?"

"चालू आहे."

"मग अवघड आहे," सर म्हणाले. "आमचा नियम असा आहे, की वस्तू वापरातून गेलेली पाहिजे. चालू वस्तू घेतली तर दुकान आणि संग्रहालय यांत फरक काय राहिला?"

"गिटार चालू आहे," हे म्हणाले, "वाजवणारा बंद पडलाय. चालेल का?"

सरांनी विचार केला आणि चालेल म्हणाले.

इथे मला थोडं मागे जावं लागेल, नाहीतर एका मोटर वायंडिंगवाल्याच्या घरात अशी गिटार कुठून आली ते कळणार नाही. माझे सासरे कागद कारखान्यात होते. कारखान्याच्या वसाहतीत सगळी महाराष्ट्रातून आलेली कुटुंबं. तिथे वाढलेल्या चार पोरांनी तरुणपणी एक बँड काढला. इंग्रजी रॉकचा. कॅसेट लावायची, ऐकून शब्द वहीत उतरवायचे आणि तेच गायचे. मी पुढे ते शब्द वाचले. त्यातले निम्मे इंग्रजीत नव्हतेच. गिटार ह्यांनी कलकत्त्याहून मागवली होती. तिच्यातली कॉइल जळली तेव्हा नवी न आणता स्वतःच बारीक तांब्याच्या तारेने भरली. ते काम इतकं जमलं की त्यातूनच पुढे धंदा उभा राहिला. आजही इतवाऱ्यातल्या पॉवरलूमच्या मोटरी आणि केळीवाल्यांचे पाण्याचे पंप यांच्याच दुकानात भरायला येतात.

मी यांना पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या माहेरी, दापोऱ्यात, चुलतभावाच्या लग्नात. आमच्या काकांनी कुणाला तरी सांगितलं होतं, वरातीला एक बँड बोलाव. त्याने वसाहतीतला बँड बोलावला. आम्ही सगळे लाल कोटवाले, तुतारीवाले येतील म्हणून वाट पाहतोय, तर टेम्पोतून चार लांब केसांचे तरुण उतरले आणि विचारायला लागले, "प्लग कुठंय?" वरातीत प्लग कुठला असणार! काका आधी चिडले, पण मग माघार घ्यायची नाही म्हणून त्यांनी ट्रॅक्टरची ट्रॉली मागवली, तिच्यावर जनरेटर चढवला, त्याच्या शेजारी या चौघांना चढवलं आणि वरात निघाली.

ह्यांनी पहिली तार छेडली आणि असा काही आवाज निघाला की पुढे चालणारी घोडी नवरदेवाला घेऊन थेट केळीच्या बागेत शिरली. सगळे पुरुष बत्त्या घेऊन बागेत. केळीचे घड बाजूला सारत हाका मारतायत. बायका रस्त्यात उभ्या. आणि ट्रॉलीवर हे चौघं वाजवतच होते, कारण कुणी थांबा म्हणालंच नव्हतं.

"स्पीकर फाटलाय का हो तुमचा?" माझ्या आजोळच्या एका म्हाताऱ्या मामांनी ओरडून विचारलं.

"नाही मामा," हे वरून ओरडले, "मुद्दाम फाडलाय!"

आणि ते खरंच होतं. आवाज फाटावा म्हणून ह्यांनी पत्र्याच्या डबीत काहीतरी सर्किट बसवलं होतं. आवाज चांगला असताना तो मुद्दाम फाडणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. नवरदेव सापडला, फेटा मात्र सापडला नाही, लग्न लागलं. नंतर आमचंही लागलं. ती वेगळी गोष्ट आहे आणि तिच्यात माझ्या वडिलांनी बरेच दिवस अबोला धरला होता.

कारखान्याचे दिवस फिरले तसा बँड फुटला. एक नाशिकला गेला, एक इंदोरला, एक दुबईला. हे बुऱ्हाणपुरात येऊन मोटरी भरायला लागले. सुरुवातीची काही वर्षं रविवारी गिटार खाली यायची, मग सणासुदीला, मग फक्त दिवाळीची साफसफाई करताना. त्याचं दुःख वगैरे आमच्या घरात कुणी बोलून दाखवलं नाही. कपाटावर ती होती, एवढंच.

तर ती गिटार सर रिक्षात घालून घेऊन गेले. जाताना ह्यांनी तिला जुन्या चादरीत गुंडाळलं आणि रिक्षा वळेपर्यंत दारात उभे राहिले. आत आल्यावर म्हणाले, "चादर परत आणायला पाहिजे."

उद्घाटनाला आम्ही दोघं गेलो. गोदामाला चुना मारून पांढरंशुभ्र केलं होतं. एका दालनात तलवारी, नाणी, ताम्रपट. दुसऱ्या दालनात घंगाळं. तिसऱ्या दालनावर पाटी होती, 'आधुनिक काल'. तिथे एक दाताच्या डॉक्टरांची खुर्ची, एक टाइपरायटर, भिंतीवर बंद पडलेलं मोठं लंबकाचं घड्याळ आणि मधोमध काचेच्या पेटीत, वरून पिवळा दिवा सोडलेली, आमची गिटार.

पाटीसाठी सरांनी माझ्याकडून मजकूर मागितला होता. मी चांगला परिच्छेदभर लिहून दिला होता. त्यातलं पाटीवर एवढंच उरलं होतं: 'विद्युत गिटार. लाकूड, लोखंड, तांबे. काल अज्ञात. वादक अज्ञात.'

"अज्ञात?" हे म्हणाले. "मी आत्ताच सरांशी हात मिळवला!"

मी सरांना गाठलं. सर गडबडीत होते. ते म्हणाले, "मॅडम, नाव टाकलं की वाद होतो. ताम्रपटाच्या बाबतीत दोन घराणी माझ्या दारात येऊन बसली होती. अज्ञात बरं. अज्ञातावर कुणी हक्क सांगत नाही."

यजमानांना ते पटलं असं नाही, पण पेटीसमोर उभं राहून ते बराच वेळ बघत राहिले. शेजारी एक बाई आल्या, त्यांनी काचेला हात लावून तो कपाळाला लावला. ह्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी तोंडाला पदर लावला.

त्यानंतर हे दर आठवड्याला संग्रहालयात जायला लागले. दाराशी एक चौकीदार बसायचा. तो मूळचा वसाहतीतलाच, ह्यांना लहानपणापासून ओळखणारा. पण खुर्चीवर बसला की ओळख बाजूला.

"भाऊ, टिकट."

"अरे, आत माझीच वस्तू आहे!"

"तुमची होती भाऊ. अब संस्था की है. टिकट घ्या ना."

हे तिकीट घ्यायचे, आत जायचे, पेटीसमोर उभे राहायचे आणि परत यायचे. मी एकदा विचारलं, "अहो, दर वेळी तीच गिटार काय बघता?" तर म्हणाले, "घरात होती तेव्हा कधी नीट पाहिलीच नाही. तिच्या मागच्या बाजूला एक ओरखडा आहे, तो कुठला ते आठवत नाही." मागची बाजू दिसावी म्हणून हे पेटीच्या मागे वाकून भिंतीला गाल टेकवायचे. चौकीदाराने ते पाहिलं आणि तिथे दोरी बांधून टाकली.

उन्हाळा आला. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे दुपारी पॉवरलूमवालेसुद्धा लूम बंद करून सावलीला पडतात. एका दुपारी हे घरी आले ते डोक्याला हात लावूनच.

"तिची मान वाकायला लागलीय."

"कुणाची?"

"गिटारची. तारा ताणलेल्या, वर तो दिवा, काचेची पेटी, आणि हे ऊन. पेटी नाही ती, भट्टी आहे. तारा सैल करायला पाहिजेत. मानेच्या आत एक सळई असते, ती चावीने जरा फिरवायला पाहिजे. दहा मिनिटांचं काम आहे."

आम्ही दोघं सरांकडे गेलो. सरांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि म्हणाले, "हात लावता येणार नाही. दात्याने वस्तूला हात लावायचा नाही, हा जगभरचा नियम आहे. भोपाळहून तज्ज्ञ येतील, ते बघतील."

"तज्ज्ञ कशाचे?"

"ताम्रपटाचे."

"सर, ताम्रपटाला मान नसते!"

सर मनाने वाईट नव्हते. हे मला पहिल्यापासून माहीत होतं. त्यांना फक्त नियम मोडायचा नव्हता, आणि नियम न मोडता गिटार वाचवायची होती. त्यांनी रात्रभर विचार केला असावा, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या घरी हजर. हातात एक कागदी पिशवी.

"मार्ग निघालाय," ते म्हणाले. "दाता म्हणून तुम्हाला हात लावता येत नाही. पण संस्थेचे मानद जतनकर्ता म्हणून लावता येतो. आजपासून तुम्ही मानद जतनकर्ता."

पिशवीतून त्यांनी पांढरे सुती हातमोजे काढले. लग्नात बँडवाले घालतात तसले. हे ते हातात घेऊन बघत राहिले.

"हे घालून?"

"हे घालूनच. घामाने वस्तू खराब होते."

"सर, ह्या गिटारवर माझा वीस-पंचवीस वर्षांचा घाम आहे. तो काढला तर रंगसुद्धा निघेल."

"तो घाम ऐतिहासिक आहे," सर शांतपणे म्हणाले. "नवा नको."

तर माझ्या नवऱ्याने स्वतःच्या गिटारच्या तारा हातमोजे घालून सैल केल्या. समोर चौकीदार उभा, आणि साक्षीला मी. सळई फिरवली, मान थोडी सरळ झाली. पेटी बंद करण्याआधी ह्यांनी गिटार उलटी करून तो मागचा ओरखडा पाहिला आणि म्हणाले, "अच्छा." कुठला होता ते मला अजून सांगितलेलं नाही.

असं सगळं सुरळीत चाललं असतं, पण पावसाळा संपल्यावर भोपाळहून एक मोठे अधिकारी संग्रहालय बघायला येणार असं ठरलं. सरांची धावपळ सुरू झाली. अधिकाऱ्यांना संगीताची आवड आहे असं कुणीतरी सरांच्या कानावर घातलं होतं. मग सरांच्या मनात आलं, की गिटार ऐकवावी.

"पण ती वापरातून गेलेली आहे ना?" मी विचारलं.

"वापर नव्हे मॅडम, प्रात्यक्षिक."

गिटारला अँप्लिफायर लागतो. तो आमच्या स्वयंपाकघरात होता आणि त्याच्यावर पाण्याचा माठ ठेवलेला होता. खोटं कशाला सांगू, माठासाठी तेवढी बरोबर उंची दुसऱ्या कशाची नव्हतीच. हे आठवडाभर त्याला उघडून बसले. घरभर सोल्डरचा धूर. मला तो वास आला आणि लग्नानंतरची पहिली दोन वर्षं जशीच्या तशी समोर उभी राहिली, त्यावेळच्या पडद्यांच्या रंगासकट. मी भाकरी थापत राहिले. पण त्या दिवशी भाकऱ्या जास्तच झाल्या.

अँप्लिफायर रिक्षात घालून आम्ही संग्रहालयाच्या दाराशी आलो, तर चौकीदार आडवा उभा.

"भाऊ, ही पेटी आत गेली तर बाहेर नाही यायची."

"का?"

"जुनी वस्तू आत जाते, बाहेर येत नाही. ऐसाच नियम आहे. उद्या कुणी एक घंगाळ बगलेत मारून निघालं आणि म्हणालं माझंच आहे, घरून आणलं होतं, तो मैं क्या करूँ?"

त्याचं म्हणणं चुकीचं म्हणता येईना. शेवटी आतून सर धावत आले आणि "नंतर बघू" म्हणून अँप्लिफायर आत घेतला.

अधिकारी आले. उंच, सौम्य, थोडे थकलेले गृहस्थ. तलवारी पाहिल्या, घंगाळांपुढून जरा भराभर गेले, आणि आधुनिक काळात येऊन दाताच्या खुर्चीजवळ थांबले. मला वाटलं, बसतात की काय. सरांनी त्यांना गिटारकडे आणलं. ह्यांनी हातमोजे घालून पेटी उघडली, गिटार गळ्यात घातली, तारा जुळवल्या, वायर जोडली. हातमोज्यांनी पिक, म्हणजे तार छेडायचा तो चपटा तुकडा, धरता येईना. तो दोनदा खाली पडला, दोनदा चौकीदाराने तो उचलून, वस्तू म्हणून दोन्ही हातांत धरून परत दिला.

मग ह्यांनी वाजवायला सुरुवात केली. सुती बोटं तारांवर. आवाज असा आला, की कुणीतरी शेजारच्या घरात गादी बडवतंय.

अधिकारी लक्ष देऊन ऐकत होते. थोड्या वेळाने ते सरांकडे झुकून हळूच हिंदीत म्हणाले, "बहुत प्राचीन स्वर है."

मी ह्यांच्याकडे बघत होते. ते वाजवायचे थांबले. खाली आपल्या हातांकडे पाहिलं. मग उजव्या हाताचा मोजा दातांनी ओढून काढला, डावा काढला, दोन्ही खिशात कोंबले.

"दस्ताने!" सर कुजबुजले. "दस्ताने!"

ह्यांनी आवाज फाडणारी ती पत्र्याची डबी पायाने दाबली.

दापोऱ्याची घोडी का उधळली होती ते मला त्या दिवशी पुन्हा कळलं. सगळ्या काचा थरथरल्या. नाण्यांच्या पेटीत नाणी एका बाजूला गोळा झाली. ताम्रपट खुंटीवर वाजायला लागले, आणि ते बऱ्यापैकी तालात वाजत होते. गल्लीतल्या लूमवरचे कामगार चहाच्या सुट्टीत होते, ते खिडक्यांशी येऊन उभे राहिले. आणि माझा नवरा, गुडघेदुखीमुळे भारतीय बैठक सोडलेला माणूस, दाताच्या खुर्चीच्या पायरीवर एक पाय ठेवून, डोळे मिटून, गात होता. शब्द तेच, वहीतले, निम्मे कुठल्याच भाषेत नसलेले. आवाज वयाने खाली उतरला होता, तरी उरलेला सगळा त्यांनी लावला. मला हसू येत होतं, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. शेजारी उभ्या असलेल्या एका लूमवाल्याने मला विचारलं, "काकू, तबीयत ठीक आहे ना त्यांची?"

"एकदम ठीक आहे," मी म्हटलं.

गाणं संपलं. सगळीकडे शांतता. आणि त्या शांततेत टिक टिक ऐकू यायला लागलं. हादऱ्याने भिंतीवरचं बंद घड्याळ चालू झालं होतं.

सर त्याच्याकडे बघत म्हणाले, "हे आता काय करायचं?" त्यांचा आवाज रडवेला होता. घड्याळाच्या पाटीवर 'बंद अवस्थेत' असं कोरून घेतलेलं होतं.

अधिकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हणाले, "वा, वा. अब कुछ पुराने ज़माने का सुनाइए."

हे घाम पुसत म्हणाले, "साहेब, जुन्या जमान्यातलं हेच आहे."

पुढच्या आठवड्यात संस्थेची बैठक झाली. सरांनी मला नंतर सांगितलं त्यावरून ती बरीच गरम झाली असावी. एका सदस्याचं म्हणणं, वस्तू चालू निघाली, म्हणजे दात्याला परत करा. दुसऱ्याचं म्हणणं, अधिकाऱ्यांनी भेटीच्या पुस्तकात सर्वांत जास्त कौतुक तिचंच केलंय, परत कशी करायची? तिसऱ्याने घड्याळाचं काय ते विचारलं. शेवटी सरांनीच तोडगा काढला. गिटार एकटी चालत नाही, हे सिद्ध झालंय. ती वाजवणाऱ्यासकट चालते. म्हणजे अपुरी वस्तू आपण प्रदर्शनात ठेवली होती. वस्तू पूर्ण करावी.

त्याप्रमाणे पाटी बदलली. आता तिच्यावर लिहिलंय: 'विद्युत गिटार, अँप्लिफायर व वादक. दर रविवारी चालू अवस्थेत.' अज्ञात हा शब्द गेला. नाव मात्र घातलं नाही. ताम्रपटाची घराणी अजून येतात म्हणे.

आणि चौकीदार म्हणाला होता तसंच झालं. अँप्लिफायर बाहेर आला नाही. माठ मी आता विटांवर ठेवलाय.

पहिल्या रविवारी मी शाळेतल्या जुन्या मैत्रिणीला घेऊन बघायला गेले. दोरीच्या पलीकडे एक खुर्ची, तिच्यावर हे इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. मांडीवर गिटार. वाजवायला अजून वेळ होता. लोक येत होते, आधी पाटी वाचत होते, मग यांच्याकडे बघत होते. खकनारकडून आलेलं एक कुटुंब होतं. त्यातल्या आजीबाईंनी ह्यांना नीट न्याहाळलं आणि मुलाला विचारलं, "हे बी जुनं आहे का रे?"

"हो आई, लिहिलंय ना तिथं."

"चांगलं ठेवलंय," आजी म्हणाल्या.

ह्यांनी हसून नमस्कार केला. आजी दचकून मागे झाल्या.

दुपारी मी डबा घेऊन परत गेले, तर दारात चौकीदार.

"काकू, डबा आत नाही."

"अरे, ते सकाळपासून उपाशी आहेत!"

"प्रदर्शनातल्या वस्तूंना खाण्याचं लावायचं नाही. मुंग्या लागतात."

"मग त्यांना बाहेर पाठव."

"कसं पाठवू?" तो कळवळून म्हणाला. "आत गेलेली वस्तू…"

तिथे मात्र मी शाळेतला आवाज काढला. वर्गात चाळीस पोरं गप्प व्हायची असा. चौकीदार उठून उभा राहिला, इकडेतिकडे पाहिलं आणि आपली खुर्ची दारातून जरा बाजूला सरकवली. हे बाहेर आले, आम्ही गोदामाच्या पायरीवर बसून वांग्याची भाजी आणि भाकरी खाल्ली. चौकीदारालाही दिली. त्याने आधी हात धुतले.

हे दर रविवारी जातात. लूमवाले सुट्टीच्या दिवशी येतात, काही तर बायकापोरांना घेऊन. एक जण फर्माईश करतो, ती नेहमी एकाच हिंदी गाण्याची असते आणि हे नेहमी नाही म्हणतात, मग शेवटी तेच वाजवतात, फाटलेल्या आवाजात. नाशिकच्या मित्राला मी फोनवर चित्रफीत पाठवली होती. त्याने उलट विचारलं, "तो दोरीच्या आत का बसलाय?" मी लिहिलं, "संग्रहालयाचा नियम आहे."  पुढच्या महिन्यात तो स्वतः आला, तिकीट काढून दोरीच्या बाहेर उभा राहिला, आणि दोघंही एकमेकांकडे बघत बराच वेळ काहीच बोलले नाहीत. चौकीदाराने त्याला सांगून ठेवलं होतं, वस्तूंशी बोलायचं नाही.

मागच्या महिन्यात ह्यांना व्हायरल ताप आला. शनिवारी रात्री अंग तापलं, रविवारी उठवेना. मी सरांना फोन केला. सर काळजीने म्हणाले, "विश्रांती घेऊ द्या, मी बघतो इथलं." सोमवारी मी औषधं आणायला इतवाऱ्यात गेले होते, तेव्हा सहज संग्रहालयात डोकावले. दोरीच्या आत खुर्ची रिकामी होती. पाटीच्या खालच्या कोपऱ्यात सरांनी आपल्या सुरेख अक्षरात एक चिठ्ठी चिकटवली होती: 'वादक दुरुस्तीसाठी बाहेर पाठवला आहे.'

मी फोनवर तिचा फोटो काढला आणि घरी येऊन ह्यांना दाखवला. हे अंगावर गोधडी घेऊन बसले होते. चष्मा लावून वाचलं आणि हसायला लागले. इतके हसले की खोकला आला, मला पाठ चोळावी लागली. मग पाणी पिऊन म्हणाले, "किती दिवस लागतील म्हणावं दुरुस्तीला?"

"डॉक्टर म्हणाले, पाच दिवस गोळ्या."

"बरं," ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मी मऊ भात शिजत टाकला.